हाकेला धावण्याचे कर्तव्य

१७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारी अमावस्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक उतारू बघता बघता जलसमाधीस गेले. जी थोडकी माणसे वाचली त्यांतील कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. होडीत जागा व्हावी म्हणून जाळ्यात आलेली मासळी त्यांनी पुन्हा दर्यात लोटून दिली, असे सांगतात. आता या कोळ्यांनी जे केले त्यास उपकार म्हणावयाचे की कर्तव्य? उपकार म्हटले तर तो न करणाऱ्यास बोल लावता येत नाही, कारण दानशूर नसणे हा काही अपराध नव्हे. आणि कर्तव्य म्हटले तर ते कोणी व कोणत्या आधारे लादले, ते पार पाडताना स्वतःच्या जिवाला आणि पोराबाळांच्या पोटाला किती तोशीस लावून घ्यावयाची, आणि ते चुकविणाऱ्यास शासन करण्याचा अधिकार सरकारचा की केवळ त्याच्या मनोदेवतेचा, हे सारे प्रश्न एकामागून एक उभे राहतात.

या प्रश्नांना निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या देशी जी उत्तरे मिळाली त्यांचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे. संकट या शब्दाने नित्याचे दारिद्र्य किंवा दीर्घ दुखणे येथे अभिप्रेत नाही. ज्या प्रसंगी विलंब हाच विनाश ठरतो, ज्याच्यावर तो गुदरतो त्याला स्वतःची तजवीज करण्यास उसंत नसते, आणि ज्याच्या हाती साह्य असते तो बहुधा निव्वळ योगायोगाने तेथे हजर असतो, असा पूर, आग, दरड, भूकंप किंवा अपघात यांचा प्रसंग अभिप्रेत आहे. प्रश्नाची सारी बिकटता या योगायोगातच आहे. ज्याने काही कबूल केलेले नाही, ज्याचे काही नाते नाही, अशा माणसाच्या शिरी तो केवळ तेथे होता एवढ्याच कारणाने ऋण कसे चढावे?

आपल्याकडील प्राचीन ग्रंथकारांना मात्र याचे फारसे कोडे पडलेले दिसत नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या ‘कण्टकशोधन’ नामक चौथ्या अधिकरणात अग्नी, उदक, व्याधी, दुर्भिक्ष, उंदीर, श्वापदे, सर्प आणि राक्षस ही आठ दैवी महाभये सांगून प्रत्येकाचा बंदोबस्त सांगितला आहे. पुराविषयी त्याचा हुकूम असा की, नदीकाठच्या गावांनी पावसाळ्यात पुराच्या पाण्याची मर्यादा सोडून राहावे, फळ्या, वेळू आणि नावा संग्रही ठेवाव्यात, आणि कोणी वाहून जाताना दिसल्यास भोपळे, पखाली, तराफे, ओंडके, दोर जे हाताशी असेल ते घेऊन त्यास तारावे. जो धावणार नाही त्याला बारा पण दंड. परंतु या नियमाच्या अखेरीस एक अपवादही जोडलेला आहे: ज्याच्याजवळ तरण्याचे साधन नाही त्याला हा दंड नाही. आगीच्या बाबतीतही अशीच तारतम्याची दृष्टी आहे. घर पेटले असता न धावणाऱ्या घरमालकास बारा पण, तर भाडेकऱ्यास सहा. कौटिल्य हा कीर्तनकार नव्हे, कारभारी आहे. परोपकाराचे पुण्य तो सांगत बसत नाही. कर्तव्य साधनाच्या प्रमाणात वाढते वा घटते, आणि ते साधन पावसाळ्यापूर्वीच जवळ असले पाहिजे, ही दोन तत्त्वे मात्र त्याने दंडाच्या भाषेत पक्की बसवून ठेविली आहेत, आणि पुढील दोन हजार वर्षांच्या वादविवादात त्यांहून शहाणे असे फार थोडे सांगितले गेले आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, गाव लुटले जात असता, बांध फुटला असता किंवा वाटेवर लूटमार होताना दिसली असता जे शक्ती असून धावत नाहीत, त्यांना चीजवस्तूसह हद्दपार करावे, असे सांगितले आहे. याज्ञवल्क्याने आरोळी ऐकून न धावणाऱ्यास शंभर पणांचा दंड सांगितला असून विनाकारण आरोळी ठोकणाऱ्यासही तोच लावला आहे, आणि आपत्कालीन दूरध्वनीवर खोड्या म्हणून खोट्या वर्द्या देणारे महाभाग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या दुसऱ्या दंडाची निकड समजावून सांगावी लागणार नाही. परंतु त्याच श्लोकात, त्याच दंडास पात्र म्हणून, उत्तम वर्णाच्या मनुष्यास स्पर्श करणारा चांडाळही गणला आहे. म्हणजे गावकुसाबाहेरच्या माणसाने आरोळी ऐकून धावावे आणि बुडत्याचा हात धरावा, तर स्पर्शाबद्दल शंभर पण. न धरावा, तर न धावल्याबद्दल शंभर पण. ज्या समाजाने साह्याचे कर्तव्य इतक्या स्पष्टपणे लिहून ठेविले त्यानेच साह्य करणाऱ्या हाताला गुन्हेगार ठरविण्याची सोयही त्याच ओळीत करून ठेविली, ही गोष्ट प्राचीन वैभवाच्या गौरवात विसरली जाते, म्हणून येथे मुद्दाम नमूद केली आहे.

अधिकाऱ्याने संकटसमयी कसे वागावे या पोटप्रश्नाला महाराष्ट्राने आपले उत्तर कथेच्या रूपाने दिले. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बेदरच्या बादशाहीतील अंमलदार. दुष्काळात रयत अन्नावाचून तडफडू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे खुली केली आणि स्वतःवर राजाची इतराजी ओढवून घेतली, ही परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. कथेत विठोबा विठू महाराच्या वेषाने बेदरला जाऊन धान्याची रक्कम भरतो आणि पेच सुटतो. भक्तीच्या दृष्टीने हा शेवट गोड असला, तरी नीतिशास्त्राच्या दृष्टीने मूळ पेच तसाच राहतो. धान्य दामाजीचे नव्हते, ते त्यांच्या हवाली केलेले होते. दुसऱ्याच्या मालकीतून केलेले दान हे दान की अपहार? कथेचा कौल असा दिसतो की, भूकबळी समोर पडत असता कोठाराच्या किल्ल्या ज्याच्या हाती आहेत त्याला हिशेबाच्या वहीआड लपता येत नाही, मात्र हिशेब चुकता करण्याची जबाबदारीही टळत नाही; कोणी तरी, देवाने का होईना, रक्कम भरलीच पाहिजे. महाभारताच्या शान्तिपर्वातील आपद्धर्मपर्व या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे संकटग्रस्ताने स्वतः कोणते नियम मोडावेत याचा, विस्तृत विचार करते. दामाजीची कथा मात्र साह्यकर्त्याच्या बाजूने उभी आहे आणि त्या दृष्टीने ती अधिक अवघड आहे.

व्यक्तीच्या करुणेवर सोपविलेले हे काम सरकारचे बंधनकारक काम कसे झाले, याचा इतिहास दुष्काळांनीच लिहिला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सार्वजनिक सभेने गावोगावची खरी हकीकत गोळा करून मुंबई सरकारपुढे मांडण्याचा उद्योग केला, आणि जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडी येथे अनाथ व भुकेल्या मुलांसाठी बालाश्रम चालविला. एकीकडे अर्ज आणि दुसरीकडे अन्न, अशी ही दोन्ही कामे परस्परपूरक होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या, आणि पीक बुडाल्यास सरकारने कामे काढावीत व अपंगांस शिधा द्यावा ही गोष्ट निदान कागदावर तरी नियमाची झाली. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून महाराष्ट्राची लक्षावधी कुटुंबे जगली, वि. स. पागे यांच्या पुरस्काराने रोजगार हमीची कल्पना मूळ धरू लागली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कामाची मागणी हा आता अर्ज राहिला नाही, हक्क झाला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने साह्याचे किमान दर्जे ठरविण्याचे आणि प्रसंगी खाजगी वाहने व इमारती ताब्यात घेण्याचेही अधिकार प्रशासनास दिले आहेत.

परंतु सरकारने साह्य करणे म्हणजे ते चांगलेच करणे असे नव्हे, हे १८९७ च्या पुण्याने जन्माचे दाखवून दिले आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोजिरांनी घरे धुंडाळली, माणसे ओढून नेली, देव्हारे आणि माजघरे तुडविली. रोग हटविण्याचे काम आवश्यक होते हे कोणी नाकारणार नाही, परंतु ज्याच्यासाठी ते करावयाचे त्याची अब्रू त्या कामात जमेस धरली गेली नाही, आणि जूनमध्ये प्लेग-अधिकारी रँडचा खून होईपर्यंत प्रकरण गेले. याच साथीत सावित्रीबाई फुले आपले वैद्य पुत्र यशवंत यांच्या पुण्याबाहेरील दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतून प्लेगने ग्रासलेल्या एका मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. तोच संसर्ग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. याज्ञवल्क्याने ज्या स्पर्शाला दंड लावला होता त्याच स्पर्शाने येथे साह्याला पूर्णता आली. मात्र सावित्रीबाईंनी जे केले ते सर्वांचे किमान कर्तव्य मानावे काय, याचे प्रांजळ उत्तर नाही असेच द्यावे लागेल. कर्तव्याची सीमा ओलांडूनही काही माणसे पुढे जातात, म्हणूनच आपण त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. परंतु त्यांच्या मापाने सर्वांना मोजू लागलो तर सामान्य माणूस ते माप आपल्यासाठी नाहीच असे म्हणून मोकळा होतो, आणि त्याच्या आवाक्यातले छोटे कर्तव्यही त्याबरोबर सुटून जाते.

याच छोट्या कर्तव्याची रेघ कायद्याने कोठे ओढावी, हा विचार आपल्या देशात मेकॉलेने केला, आणि त्याच्या निर्णयाची छाया आजही आपल्यावर आहे. १८३७ साली भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार करताना त्याने केवळ न करण्याने घडणाऱ्या हानीवर एक स्वतंत्र टिपण जोडले. नदीला पूर आला आहे हे ठाऊक असून वाटसरूला न सांगणारा मनुष्य खुनी ठरतो काय? तो सरकारने त्याच कामी नेमलेला असेल, किंवा पैसे घेऊन वाट दाखविणारा असेल, तर होय. परंतु वाटसरूचा त्याच्यावर माणुसकीखेरीज दुसरा काही हक्क नसेल, तर नाही. भिकाऱ्यास अन्न न देणारा श्रीमंत, आणि केवळ आपल्याच हातून होऊ शकणारी शस्त्रक्रिया करण्यासाठी कलकत्त्याहून मेरठला जाण्यास नकार देणारा शस्त्रवैद्य, या दोघांनाही त्याने कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविले. त्याची भीती अशी होती की, एकदा या वाटेने निघाल्यावर कोठे थांबावे हे कोणालाच सांगता येणार नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु मेरठचा प्रवास आणि नदीकाठी उभे राहून मारावयाची एक हाक, यांतील अंतर कोणत्याही न्यायाधीशाला मोजता येण्यासारखे आहे. कौटिल्याने ते एका अपवादाने मोजले होते. मेकॉलेने दोन्ही टोके एकाच पारड्यात घातली, आणि १८६० च्या दंडसंहितेत न करणे हे गुन्हा तेव्हाच ठरले जेव्हा ते करण्याचे बंधन कायद्याने आधीच घातलेले असेल.

युरोपातील अनेक राष्ट्रांनी ही वाट स्वीकारली नाही. फ्रान्सच्या दंडसंहितेनुसार स्वतःला किंवा इतरांना धोका न होता ज्याला संकटात सापडलेल्यास साह्य करणे शक्य होते, आणि ज्याने ते जाणूनबुजून केले नाही, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पंचाहत्तर हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीत एक वर्षापर्यंत कैद वा दंड आहे. अमेरिकेत इंग्लंडचीच परंपरा चालत आली असली तरी व्हरमाँट संस्थानाने १९६७ साली असा कायदा केला. त्यातील दंड मात्र शंभर डॉलरांहून अधिक नाही, म्हणजे शिक्षेपेक्षा निषेधाचाच त्यात भाग मोठा. भूमीवर इतका मतभेद असताना समुद्रावर तो जवळजवळ नाही. १९१० च्या ब्रुसेल्स येथील करारापासून प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर, आपल्या जहाजाला गंभीर धोका नसेल तर, बुडणाऱ्या कोणत्याही माणसास, तो शत्रू असला तरी, वाचविण्याचे बंधन आहे. कारण उघड आहे. दर्यावर दुसरा कोणी येणार आहे अशी सबब सांगण्यास जागाच नसते. जो जवळ आहे तोच शेवटचा आहे.

जवळ असण्याला इतके महत्त्व का द्यावे, हाच प्रश्न तत्त्वज्ञांनी उलट बाजूने विचारला. कांटने अठराव्या शतकात कर्तव्यांचे पूर्ण आणि अपूर्ण असे दोन वर्ग केले: वचन पाळणे हे पूर्ण कर्तव्य, त्यात सवड नाही, साह्य करणे हे अपूर्ण, म्हणजे ते आहे निश्चित, पण केव्हा, किती, कोणास, हे ठरविण्यास कर्त्याला मोकळीक आहे. या मोकळिकीवर सर्वांत जोराचा हल्ला केला तो पीटर सिंगरने, आणि त्याचे निमित्त आपल्याच उपखंडातील होते. १९७१ साली पूर्व बंगालमधून नव्वद लाख ते एक कोटी निर्वासित भारतात आले असता सिंगरने लिहिलेला निबंध पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. उथळ तळ्यात बुडणारे मूल दिसले तर कपडे चिखलाने खराब होतील म्हणून कोणी काठावर उभा राहील काय, आणि तो राहणे लज्जास्पद असेल तर दूरच्या छावणीत मरणाऱ्या मुलाच्या बाबतीत मैलांच्या अंतराने नीतीत काय फरक पडतो, असा त्याचा सवाल होता. ऑस्ट्रेलियाने दिलेली मदत सिडनीच्या नव्या नाट्यगृहाच्या खर्चाच्या एक-द्वादशांशाहूनही कमी आहे, हेही त्याने बोट ठेवून दाखविले. गॅरेट हार्डिनने १९७४ साली याच्या विरुद्ध टोकाची भूमिका घेतली: श्रीमंत राष्ट्रे मर्यादित जागेच्या जीवरक्षक नौका आहेत, सर्वांना आत घेतले तर सर्वच बुडतील. हा हिशेब कठोर असला तरी खरा आहे असे मानण्यास आधार नाही, कारण नौकेत जागा किती हे हार्डिनने मोजून दाखविले नाही, ते गृहीत धरले.

सिंगरच्या सवालाला एक उत्तर १९७१ सालीच भारतातील डाकघरांच्या खिडक्यांवर दिले जात होते. नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर नेहमीच्या तिकिटाखेरीज निर्वासित-साह्याचे पाच पैशांचे तिकीट लावणे सक्तीचे झाले. बार्शीच्या आडत्याने पुण्यास पाठविलेल्या साध्या पत्रातूनही पाच पैसे बंगालच्या छावणीच्या नावे जमा झाले, आणि त्यासाठी त्या आडत्याला अंतःकरण पिळवटून घ्यावे लागले नाही. दूरच्या संकटातील कर्तव्य हे बहुधा असेच पार पडते: प्रत्येकाने थोडे, सक्तीने, आणि सरकारमार्फत. ज्यांना याहून पुढे जावयाचे असते त्यांची वाट मोकळीच असते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि युद्धाच्या धामधुमीत जखमींवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ साली तेथेच वारले. ज्यांच्याशी भाषेचे, देशाचे, धर्माचे कोणतेच नाते नव्हते अशांसाठी त्यांनी देह ठेविला. सिंगरचा सिद्धान्त मान्य नसलेल्यालाही कोटणीसांच्या आयुष्याचे मोल नाकारता येत नाही, आणि सिद्धान्त मान्य असणाऱ्या बहुतेकांना ते अनुसरता येत नाही.

मनुष्य साह्यास का धावत नाही, याची कारणे गेल्या साठ वर्षांत प्रयोगांनीही शोधली गेली. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीची भर वस्तीत हत्या झाली, आणि अडतीस शेजारी नुसते पाहत राहिले अशी बातमी जगभर गाजली. डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरून १९६८ साली प्रयोग केला. शेजारच्या खोलीत कोणाला तरी फेपरे आल्याचे आवाज ऐकून, आपण एकटेच साक्षी आहोत असे समजणाऱ्यांपैकी शेकडा पंचाऐंशी मदतीस उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी मात्र शेकडा एकतीसच. १९७३ च्या दुसऱ्या एका प्रयोगात धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांच्या वाटेवर एक विव्हळणारा मनुष्य बसविला होता. घाई नसलेल्यांपैकी शेकडा त्रेसष्ट थांबले, उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी शेकडा दहा. आणि त्यांतील काही जण तर परोपकारी शोमरोन्याच्या दृष्टान्तावरच प्रवचन देण्यास निघाले होते. या प्रयोगांवरून मनुष्यस्वभावाविषयी निराश होण्याची मात्र घाई करू नये. अडतीस साक्षीदारांची ती बातमी बरीचशी अतिरंजित होती हे ती छापणाऱ्या वृत्तपत्रानेच २०१६ साली मान्य केले. आणि तीन देशांतील शहरांच्या रस्त्यांवरील कॅमेऱ्यांनी टिपलेल्या भांडणांचा २०१९ साली अभ्यास झाला तेव्हा दहांपैकी नऊ प्रसंगी कोणी ना कोणी तरी मध्ये पडल्याचे आढळले. माणूस मुळात निर्दय नाही. कोणी तरी जाईलच या समजुतीने, घाईने आणि भयाने तो जागच्या जागी खिळतो.

आपल्याकडे त्यांतील भयाचाच वाटा सर्वांत मोठा, आणि ते भय निराधार नव्हते. एखादा रिक्षावाला हमरस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या तरुणाला उचलून इस्पितळाच्या अपघात विभागात आणतो, तेव्हा खिडकीतून पहिला प्रश्न येतो तो, ‘पेशंटचे कोण तुम्ही?’ हा. कोणी नाही, वाटेत पडला होता, असे सांगितल्यावर चेहरे बदलतात. पोलीस केस आहे, नाव-पत्ता लिहा, आधी पैसे भरा, हवालदार येईपर्यंत थांबा. हवालदार येतो, जबाब घेतो, रिक्षाच्या टपाला लागलेल्या रक्ताविषयी दोनदा विचारतो. दिवसाची कमाई बुडते, आणि वर्ष-दीड वर्षाने साक्षीचे समन्स घरी येते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्या देशात लहानपणीच पाठ होते, तेथे दुसऱ्या वेळी तो रिक्षावाला मान फिरवून पुढे गेला तर नवल ते काय? २०१३ साली सेव्हलाइफ फाउंडेशनने केलेल्या पाहणीत शेकडा चौऱ्याहत्तर लोकांनी आपण अपघातग्रस्तास मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले, आणि त्यांतील बहुतेकांनी पोलीस व कचेरी यांच्याच जाचाचे कारण दिले. २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, हे त्याबरोबर लक्षात घेतले म्हणजे या भयाची किंमत कळते.

न्यायालयांनी हा गुंता टप्प्याटप्प्याने सोडविला. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांची कागदपत्रे होवोत वा न होवोत, जखमीवर प्रथम उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे असे बजावले. त्या खटल्याच्या मुळाशी जी घटना होती तीत जखमी स्कूटरस्वारास जवळच्या इस्पितळाने वीस किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या इस्पितळाचा रस्ता दाखविला होता आणि तो वाटेतच मरण पावला होता. १९९६ साली, गाडीतून पडलेल्या एका शेतमजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून परत पाठविल्याच्या प्रकरणात, तातडीचा उपचार नाकारणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असा निर्णय झाला. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने साह्यकर्त्याच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून संसदेने त्यास कायम स्वरूप दिले. आज जखमीला पोहोचवून देणारा मनुष्य नाव न सांगता निघून जाऊ शकतो. त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत. तो स्वेच्छेने साक्षीदार झाला तरच, आणि त्याच्या सोयीने, त्याचा जबाब घ्यावयाचा असतो. आणि या हक्कांचा फलक इस्पितळाच्या दर्शनी भागी स्थानिक भाषेत लावण्याचे बंधन आहे. केंद्र सरकारने २०२१ साली अशा साह्यकर्त्यास पाच हजार रुपयांचे पारितोषिकही जाहीर केले व पुढे ते पंचवीस हजारांवर नेले. परंतु फलक वाचलेला मनुष्य विरळा, आणि खिडकीतला पहिला प्रश्न अजून बदललेला नाही.

दंडाच्या वाटेने जाण्याचा प्रयत्न किती अवघड आहे हेही अलीकडेच दिसले. भारतीय न्याय संहितेत, अपघात करून पोलिसांस वा दंडाधिकाऱ्यास वर्दी न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली गेली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारींच्या चालकांनी देशभर चाके थांबविली, आणि त्या वर्षी १ जुलैस संहिता अमलात आली तरी हे कलम स्थगितच राहिले. थांबलो तर जमाव जिवे मारील, ही चालकांची तक्रार होती. तिला खोटी म्हणता येत नाही; जुन्या मोटार वाहन कायद्यानेच जमावाच्या क्षोभाचा अपवाद मान्य केलेला आहे. साह्य करणाऱ्याला ज्या समाजात मार खावा लागतो त्या समाजाने साह्य न केल्याबद्दल कोणाला तुरुंगात घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

उत्साहाची बाजूही तपासली पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी ओझ्याने उलटली आणि वाचण्यासाठी चढलेली माणसेच बुडाली. बुडत्यामागे उडी टाकणारा न पोहणारा भाऊ किंवा मित्र, ही तर दर पावसाळ्यातली शोककथा आहे. अशा ठिकाणी कौटिल्याचा अपवाद केवळ दंडातून सूट देत नाही, तो शहाणपण शिकवितो: साधन नसेल तर पाण्यात शिरू नये, दोर फेकावा, आरोळी ठोकावी. सह्याद्रीच्या कड्यांवर अडकलेल्यांना सोडविणाऱ्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या गिर्यारोहक संस्था काम करू शकतात, कारण त्यांचे दोर, त्यांची सराव केलेली माणसे आणि त्यांची शिस्त संकटाच्या आधीपासून तयार असते. आणि जेथे काहीच करता येण्यासारखे नसते तेथेही एक गोष्ट उरतेच. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले तेव्हा नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना. त्याने मागे फिरून वर्दी दिली, म्हणून बाहेरच्या जगाला कळले. त्याने कोणाला ढिगाऱ्यातून काढले नाही, पण त्याच्या वर्दीवाचून कोणी तेथे पोहोचलेही नसते.

या साऱ्या आढाव्यातून निष्पन्न होणारा निर्णय असा. मनुष्याला मनुष्याबद्दल संकटसमयी खरे ऋण असते, ते मर्जीवर सोपविलेले दान नव्हे; परंतु त्याचे माप सान्निध्य, सामर्थ्य आणि साधन यांनी ठरते, आणि जिवावर उदार होण्याची अपेक्षा ज्याने तशी नोकरी पत्करली आहे त्याच्याकडूनच करता येते. डॉक्टर, पोलीस, अग्निशामक, जिल्हाधिकारी यांच्यावर कायद्याने हे कर्तव्य कडक घातले पाहिजे. सामान्य नागरिकावर कायद्याने एवढेच घालावे की त्याने वर्दी द्यावी. १०८ किंवा ११२ हे आकडे दाबण्याचे यंत्र आज बहुतेकांच्या खिशात आहे, त्यामुळे वर्दीपुरता तरी साधन नसल्याचा अपवाद फार थोड्यांस उरला आहे. जखमीचे चित्रण करण्यास ज्याचा हात वर येतो त्याला ते तीन आकडे दाबता येत नव्हते असे कोणत्या न्यायालयाने मानावे? त्यापलीकडचे सारे नीतीवर सोडावे, मात्र नीतीला हातपाय फुटतील अशी तजवीज समाजाने करावी. प्रत्येक शाळेत पोहणे आणि बंद पडलेले हृदय छाती दाबून चालू ठेवण्याची क्रिया शिकवावी, नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी होडी, दोर आणि तरंगते जाकीट यांची हजेरी घ्यावी, आणि प्रत्येक इस्पितळाच्या खिडकीत बसणाऱ्याने ‘पेशंटचे कोण तुम्ही?’ हा प्रश्न जखमीला आत नेल्यानंतरच, आणि समोरच्याची इच्छा असेल तरच, विचारावा. वाचकांपैकी ज्याला यातले काहीच करणे शक्य नाही त्याने निदान आपल्या गावच्या इस्पितळात जाऊन साह्यकर्त्याच्या हक्कांचा तो फलक लावलेला आहे की नाही एवढे पाहून यावे, आणि नसल्यास तेथील अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा.